गोकुळची स्पेअर सायकल

उंद्रीत उतरून गोकुळचं घर विचारलं तर लोक आधी "कोणता गोकुळ?" म्हणतात आणि मग आपणच सांगतात, "टेम्पोवाला का?" हा टेम्पोवाला गोकुळ माझा धाकटा भाऊ. वावर आहे, विहिरीला पाणी आहे, मुलगा चिखलीला नोकरीला आहे, बायको खमकी आहे. माणसाला आणखी काय लागतं? पण त्याला एक लागत होतं. कोणीतरी कधीतरी "कॉलेजातला गोकुळ का?" असं विचारावं. अठ्ठावन्न वर्षांचा झाला, तसं कोणी विचारलं नाही.

कॉलेज त्याने केलं, हे खोटं नाही. कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात चार वर्षं राहिला. सगळे विषय निघाले, एक सांख्यिकी निघाला नाही. तीनदा बसला, तीनदा आपटला. चौथ्यांदा बसणार तोच आमच्या वडिलांचे गुडघे गेले आणि वावर याच्या गळ्यात पडलं. सांख्यिकीवाचून तूर उगवते, हे त्याला लवकरच कळलं. मनाला मात्र ते कळलं नाही. पेरणी असो की सोंगणी, बोलता बोलता "आमच्या कॉलेजात" आलंच. आणि ते आलं की माझी भावजय पुष्पांजली चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायचीच, "कोनतं कॉलेज? लग्नात तुमचा एकबी दोस्त दिसला नाही मले. पोराच्या बारशात नाही, घर बांधलं तवा नाही. त्या कॉलेजात तुमी एकटेच शिकत होते काय?"

गोकुळ हसायचा आणि बैलांना पाणी पाजायला जायचा. बैल विकून टेम्पो घेतला त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हापासून टेम्पो धुवायला जातो.

पूर्वी माणूस साठीला टेकला की त्याला काशीला जावंसं वाटायचं. आता सायकलवर जावंसं वाटतं. गोकुळच्या बॅचचे लोक एकामागून एक रिटायर झाले, घरात बायकोच्या पायात पाय अडकायला लागले, आणि त्यांनी मोबाईलवरच्या आपल्या गटात ठराव केला: माजी विद्यार्थ्यांचा संघ सात दिवस सायकलवरून बुलढाणा जिल्हा फिरणार. मलकापूरहून निघायचं, घाट चढून बुलढाणा, मग चिखली, देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, उंद्री, आणि घाट उतरून शेगावला महाराजांच्या पायाशी समाप्ती. म्होरके रमाकांत साहेब. हे मूळचे इकडलेच, पण नोकरी पुण्याकडे झाली, त्यामुळे आता "मले"ला "मला" म्हणतात आणि फक्त भूक लागली की विसरतात.

त्यांचा गोकुळला फोन आला.

"गोकुळ, अरे, तुझ्याकडे तो छोटा हत्ती आहे ना?"

फोन ठेवला तेव्हा याचा चेहरा दिवाळीसारखा. म्हणाला, "कॉलेजच्या दोस्ताचा फोन होता. सायकलच्या फेरीले बलावलं मले."

पुष्पांजलीने विचारलं, "तुमाले बलावलं का टेम्पोले?"

यावर गोकुळने एक काम केलं. चिखलीला जाऊन जुनी पण गिअरची सायकल विकत आणली. निळी, चांगली उंच, याच्या पायांना पुरेल अशी. वावराच्या रस्त्यावर रोज पहाटे चालवून पाहिली. गावातल्या लोकांना वाटलं, वजन कमी करायला डॉक्टरने सांगितलं असेल.

मी बुलढाण्याला असते. शाळेतून रिटायर झाले, मालक गेले, सकाळी पोथी आणि संध्याकाळी देऊळ, असं माझं चाललेलं. गोकुळ मला न्यायला आला. "ताई, तू चाल. त्यायच्यात एक बाई आहे, प्रतिमा मॅडम. एकटीले अवघडल्यासारखं होईन. अन् तुले बालाजीचं दर्शन होते, लोणारची कमळजा होते, शेगाव होते." देवांची नावं घेतली की मी नाही म्हणत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

मलकापूरला स्टेशनाबाहेर सगळे जमले. सात जण. सगळ्यांच्या अंगात भगवे तंग बनियन, पाठीवर नाव आणि पदवीचं साल. ज्या वयात माणसाने अंगाला सैल कपडा पाहावा त्या वयात हे तसलं का घालावं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मी देवाधर्माची बाई, खाली पाहिलं. बनियनं मोजून शिवलेली होती. गोकुळला आणि मला टोप्या मिळाल्या. टोपीवर 'सपोर्ट' लिहिलेलं. मी पदरावरून घातली, पडली, पुन्हा घातली नाही. गोकुळने सात दिवस काढली नाही.

टेम्पोच्या टपावर ताडपत्रीखाली निळी सायकल दिसली तसे रमाकांत साहेब खूष झाले. "वा रे गोकुळ! स्पेअर आणलीस! याला म्हणतात नियोजन."

मी गोकुळकडे पाहिलं. तो "हाव" म्हणाला. एवढंच. मी स्वतःसाठी आणली, मलाही चालवायची आहे, असं त्याच्या तोंडून निघालं नाही. घरात बायकोपुढे कॉलेज मिरवणारा हा माणूस, कॉलेज समोर उभं राहिलं तर ताडपत्रीचा दोर आवळायला लागला.

आता सातांतल्या पंजाबरावांबद्दल सांगते. मलकापूरचे मोठे जमीनदार, कापसाचा धंदा, पोट असं की सायकलवर बसले की सायकल दिसत नाही. रस्ता त्यांनीच ठरवला होता. त्यांचे सोयरे जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात, काही तालुक्यांत दोन्ही बाजूंनी. ज्या रस्त्यावर सोयरा नाही त्या रस्त्याला ते म्हणायचे, "तो रस्ता खराब आहे." म्हणजे सायकलची फेरी कसली, पंजाबरावांची पत्रिका वाटायला निघाल्यासारखी आमची वरात.

आणि सोयऱ्याचं घर म्हणजे काय, हे आपल्याकडल्या माणसाला सांगायला नको. पाहुणा नुसता चहा पिऊन उठला तर घरधन्याची चार गावांत बेअब्रू होते. त्यात हे साधे पाहुणे नव्हेत, सायकलवर आलेले साहेब. प्रत्येक गावात मंडप. फेटा, शाल, नारळ. सरपंचांचं भाषण, मग माजी सरपंचांचं, कारण एकाला बोलू दिलं आणि दुसऱ्याला नाही तर पुढच्या निवडणुकीला ते निघतं. मग रमाकांत साहेबांचं भाषण, विषय 'सायकल आणि आरोग्य'. मग जेवण. भरीत, रोडगे, वांग्याची भाजी, वरण, त्यावर तुपाची धार, आणि "आमच्या इथं पोटभर जेवले नाहीत" असं म्हणून रडवेला चेहरा करणारी घरची बाई. सायकलवर जे वजन झडत होतं ते सत्काराच्या मंडपात परत करण्यात येत होतं, थोडं वर घालून.

इतकं जेवून सायकल कोण चालवणार? पहिल्याच दिवशी राजूरचा घाट लागला तसे सहा जणांनी सायकली टेम्पोत घातल्या. कारण 'वाहतूक फार आहे'. दुसऱ्या दिवशी वारा समोरून होता. तिसऱ्या दिवशी वारा मागून होता, पण ऊन होतं. सायकली, साहेब, शाली आणि नारळ, सगळं गोकुळच्या टेम्पोत. नारळ वळणावर घरंगळायचे आणि कोणाच्या ना कोणाच्या नडगीवर बसायचे.

मात्र गावात टेम्पोतून शिरायचं नाही, हा नियम कडक होता. गावाच्या अलीकडे, मंडपातून दिसणार नाही असं झाड पाहून गोकुळ गाडी उभी करायचा. साहेब लोक खाली उतरायचे, सायकली खाली घ्यायचे, बाटलीतलं पाणी कपाळावर आणि काखेत शिंपडायचे आणि धापा टाकत गावात शिरायचे. लोक टाळ्या वाजवायचे. एका म्हातारीने तर रमाकांत साहेबांची अलाबला घेतली. "किती घामेजलं लेकरू," म्हणाली.

खरोखर सायकल चालवत होती ती एकटी प्रतिमा. नागपूरला प्राध्यापक, लहानखुरी, बोलणं कमी, सायकलही तिच्या मापाची बुटकी. ती सकाळी निघायची आणि सत्काराला उशिरा पोचायची, त्यामुळे तिच्या वाट्याची शाल बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी मेहुण्याला जायची. तिला त्याचं काही नव्हतं. गोकुळला होतं.

कारण सत्कार चालू असताना गोकुळ मंडपाच्या बाहेर टेम्पोला टेकून उभा असायचा. टोपी नीट करायचा. नावं पुकारायला लागले की हात पॅन्टला पुसायचा. देऊळगावराजाला तर एक शाल उरली. पुकारणारा इकडे तिकडे पाहत होता, गोकुळ दोन पावलं पुढे सरकला, आणि ती शाल सरपंचाच्या साडूच्या खांद्यावर गेली. साडू लग्नाला म्हणून आला होता, चुकून मंडपात शिरला होता. गोकुळ दोन पावलं मागे आला आणि टायरात हवा किती आहे ते पाहायला लागला.

इकडे निळ्या सायकलीचं वेगळंच चाललं होतं. पहिल्या दिवशी पंजाबरावांना आपली सीट टोचायला लागली. गोकुळच्या सायकलची सीट रुंद होती. "स्पेअरची काढ न बे," म्हणाले. गोकुळने पाना काढला, सीट काढून दिली. चिखलीला कोणाची चेन तुटली, चेन गेली. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या वाड्यासमोर फोटो काढताना एकजण सायकलसकट पडला, त्याला पॅडल लागलं. लोणारला रमाकांत साहेबांचं पुढचं चाक वाकलं. तेही दिलं. स्वतः बसवून दिलं, फिरवून दाखवलं.

मी म्हणाले, "गोकुळ, ती तुझी सायकल आहे न रे?"

"हाव, ताई. पण त्यायचं अडलं न."

त्या दिवशी दुपारी मी लोणारला खाली कमळजा देवीच्या दर्शनाला उतरले. गोकुळ सोबत आला. साहेब लोक वर राहिले, उतरलेलं पुन्हा चढावं लागतं हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. देवळाच्या पायरीवर बसून गोकुळ म्हणाला, "ताई, मले काही शाल नको अन् नारळ नको. बस, उंद्रीत मले यायच्या सोबत सायकलवर शिरायचं आहे. पुष्पीनं पाह्यलं पाहिजे. मंग ती काई म्हणणार नाही."

"सायकल कुठे राहिली तुझी? सांगाडा आहे."

"कोणाची तरी घेईन. एवढे टेम्पोत झोपून राह्यतात, एखादी रिकामी असनच."

मी देवीला त्याच्यासाठी काही मागितलं नाही. आईच्या दारात येऊन सायकल मागायची, हे बरं दिसत नाही. फक्त तिच्या कानावर घातलं.

मेहकरला संध्याकाळी पंगत बसली होती तेव्हा गोकुळने धीर केला. रमाकांत साहेबांच्या ताटापाशी वाकून विचारलं. साहेबांच्या तोंडात रोडगा होता. नाही म्हणायला तोंड रिकामं लागतं, हो म्हणायला नुसती मान पुरते. मान हलली. मग घास गिळून म्हणाले, "अरे, विचारतोस काय? उंद्रीच्या अलीकडे, अमडापूरपासून तू सायकलवर चल, टेम्पो मी घेतो. आपण काय वेगळे आहोत का?" आजूबाजूच्यांनी ऐकावं एवढ्या आवाजात म्हणाले. गोकुळने लगेच घरी फोन लावला. "उद्या दोस्तायसोबत सायकलवर येऊन राह्यलो. दारात उभी राह्य."

पलीकडून पुष्पांजली काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण गोकुळने फोन कानापासून जरा दूर धरला होता.

सकाळी मेहकरच्या बालाजीचं दर्शन झालं. मग सोयऱ्यांनी 'हलका नाश्ता' दिला, त्यात पुरणपोळी होती. प्रतिमा पहाटेच निघून गेली होती, बाकी कोणी त्यानंतर सायकलला हात लावला नाही. पंजाबराव टेम्पोत मागे आडवे झाले, त्यांच्या पोटाला टेकून दुसरे, असे करत अमडापूर येईपर्यंत सगळा संघ झोपला. मी पुढे गोकुळशेजारी. मागून घोरण्याचे वेगवेगळे सूर येत होते आणि मधूनच नारळांचा खडखडाट.

अमडापूरला चहाच्या टपरीपाशी गाडी उभी राहिली. गोकुळने टोपी काढून केस ओले केले, पुन्हा टोपी घातली. साहेबांना उठवलं. साहेबांनी एक पाय खाली ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"गोकुळ, गुडघा धरलाय रे. क्लच दाबवणार नाही."

"ब्रेक?"

"ब्रेक दाबता येईल. क्लच नाही. आणि माझ्या हाताला आता ऑटोमॅटिकची सवय झाली बघ."

गोकुळ पंजाबरावांकडे वळला. पंजाबराव डोळे न उघडताच म्हणाले, "माह्या घरी डायवर आहे न बे." बाकीचे तर उठलेच नाहीत. एकाने झोपेत नारळ उशाला घेतला.

"निदान सायकल तरी—" गोकुळ म्हणाला.

"माझी नको," साहेब घाईने म्हणाले. "तिचं सेटिंग बिघडतं. शिवाय टेम्पो कोण चालवणार?"

गोकुळने किल्ली खिशातून काढली, हातात दोनदा उडवली आणि ड्रायव्हरच्या बाजूला गेला. त्या दाराची कडी बाहेरून उघडत नाही, काचेतून हात घालावा लागतो. तो हात घालून तसाच कडी चाचपत राहिला. मी पदर तोंडाला लावून रस्त्याकडे पाहत बसले. भाऊ अठ्ठावन्नचा असो की आठचा, हिरमुसला की सारखाच दिसतो.

तेवढ्यात प्रतिमा आली. घामाने निथळत, सायकल टपरीला टेकवून चहा सांगितला. आमच्याकडे पाहिलं, टेम्पोच्या मागे पाहिलं. तिला फारसं सांगावं लागलं नाही.

"किल्ली दे," ती म्हणाली.

"मॅडम, ही गाडी जरा आडमुठी आहे."

"गोकुळ, मी विद्यापीठाच्या वावरात ट्रॅक्टर चालवते. तुझा हा डबा काय आहे? आणि मॅडम कोणाला म्हणतोस? तू माझ्या बाकावर बसायचास. सांख्यिकीच्या तासाला आपण दोघं झोपायचो. घे, सायकल घे. मला आता बसायचंच आहे."

गोकुळ एवढा उंच, सायकल एवढी बुटकी. बसला तर गुडघे दोन्ही बाजूंना नाकतोड्यासारखे बाहेर. सीट वर करायची तर पाना कुठेतरी नारळांच्या खाली. "राहू दे, राहू दे," म्हणत तो निघालाच. आम्ही मागून हळूहळू. प्रतिमा चांगली चालवत होती. मी मनात नामस्मरण करत होते ते सवयीने, तिच्या चालवण्यामुळे नव्हे. पुढे एवढा मोठा माझा भाऊ, एवढ्याशा सायकलवर, चढ आला की उभा राहून पॅडल मारत होता आणि थांबत नव्हता. दोनदा मागे वळून हसला. कपाशीच्या वावरातल्या बाया काम थांबवून त्याच्याकडे पाहत होत्या.

उंद्रीच्या अलीकडे मोठं कडुनिंबाचं झाड आहे. नियमाप्रमाणे तिथे थांबायचं, सगळ्यांना उठवायचं, पाणी शिंपडायचं आणि सायकलवर बसवायचं. झाड आलं. झाड गेलं.

"अगं, थांबायचं होतं न?" मी म्हणाले.

"हो का?" प्रतिमा म्हणाली. "नवीन गाडी आहे, ताई. ब्रेक सापडला नाही."

गावाच्या वेशीवर बँड उभा होता, हार घेऊन लोक उभे होते, आणि सगळ्यांच्या पुढे पुंजाजी. पुंजाजी म्हणजे गावातल्या प्रत्येक कार्यात न सांगता पुढे असणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी दुरून पाहिलं: पुढे सायकल, मागे गाडी. त्यांना जे कळायचं ते लगेच कळलं. गावात गाडीतून येतो तो साहेब. सायकलवर येतो त्याच्याकडे गाडी नसते.

"अबे सरक! सरक बाजूले!" ते गोकुळवर ओरडले. "साहेबायची गाडी येऊन राह्यली मागून!"

गोकुळ हापशाच्या चिखलात गेला. बँड सुरू झाला. टेम्पो उभा राहिला, लोकांनी मागची फळी पाडली आणि झोपलेल्या साहेबांच्या गळ्यात हार पडायला लागले. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. मोठी माणसं गाडीत झोपून येणार नाहीत तर कोण? पंजाबराव हारासकट उठून बसले आणि आधी विचारलं, "जेवण लागलं काय?" रमाकांत साहेबांनी डोळे उघडले, गर्दी पाहिली आणि तोंडात सवयीने आलं, "मित्रहो, सायकल ही—" मग आपण कुठे बसलो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं. पण टाळ्या पडल्या होत्या, म्हणून त्यांनी भाषण पूर्ण केलं, नारळांच्या ढिगावर उभं राहून.

पुंजाजींना मग गोकुळ दिसला. "गोकुळ? तू सायकलीवर काऊन बे? टेम्पो इकला काय?"

"नाही काका. दोस्तायसोबत आलो."

"कोन्या दोस्तायसोबत?" पुंजाजींनी मागे पुढे पाहिलं. गोकुळच्या आजूबाजूला हापसा होता आणि एक बकरी होती.

गोकुळचं घर वेशीपासून दिसतं. दारात पुष्पांजली उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, पाहुण्यांवरून ओवाळून टाकायला. नवं लुगडं. तिने सगळं पाहिलं होतं. हा चिखलातून सायकल ढकलत तिच्यापर्यंत गेला, मी त्याच्या मागे. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि आज नको बोलायला. टेम्पोतले सगळे तिथूनच दिसत होते, एकेकाच्या गळ्यात तीन-तीन हार.

पुष्पांजलीने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. चिखलाचे बूट, ओला सदरा, ती 'सपोर्ट'ची टोपी.

"या, पाहुने," ती म्हणाली. "कॉलेजातून आले वाटते?"

गोकुळने सायकल भिंतीला टेकवली आणि टोपी नीट केली.

"बूट काढा न. उभे काऊन राह्यले?" तिने भाकरतुकडा त्याच्यावरून तीनदा उतरवला, दूर फेकला आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. सगळा तांब्या संपवला. बाकीच्यांसाठी आत जाऊन दुसरा भरून आणला.

जेवायला अंगणात पंगत बसली. आपल्याकडे घरधनी पहिल्या पंगतीला बसत नाही. पाहुण्यांचं झाल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही, अशी रीत. गोकुळने कमरेला पंचा बांधला आणि वरणाची बादली उचलली. पुष्पांजलीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"बसा तिथं."

"अवं, मी घरचा माणूस. वाढू दे न."

"घरचं मानूस टेम्पो चालवते. सायकलवर आलं ते पाहुनं. बसा म्हनलं न."

तिने रमाकांत साहेब आणि प्रतिमा यांच्यामध्ये आसन टाकलं. तो बसला. असा बसला, जसा काही कोणाच्या तरी लग्नात बिनबोलावता आला आहे. मी आणि पुष्पांजली वाढायला लागलो. दोन घास झाले असतील नसतील, रमाकांत साहेबांनी मान वर न करता, सहा दिवसांच्या सवयीने हाक मारली, "गोकुळ, मठ्ठा आण बे इकडं."

गोकुळ उठायलाच लागला. अर्धा उठला होता.

"ते पाहुने हायत," पुष्पांजली म्हणाली. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "मठ्ठा मी आनते."

तिने मठ्ठा आणला, साहेबांच्या वाटीत ओतला आणि तिथेच उभी राहिली.

"भाऊजी, एक इचारू काय? तुमी मोठे मानूस, खोटं नाई बोलनार. हे खरंच होते काय तुमच्या कॉलेजात?"

गोकुळ ताटात पाहायला लागला. अंगणात वाढणारी मी, दाराशी टेकलेले पुंजाजी, भिंतीवर बसलेली गावची पोरं, सगळ्यांचे कान साहेबांकडे. आणि रमाकांत साहेबांना भूक लागलेली होती, म्हणून ते खरं बोलले.

"होता म्हणजे? वहिनी, याच्याबिगर आमचं काही चालत होतं काय? मेस यानं चालवली चार वर्षं. आमी उपाशी मेलो असतो न. रात्री-बेरात्री येऊ, हा ताट झाकून ठेवे. सगळ्याले वाढून मंग हा जेवे."

"म्हंजे," पुष्पांजली म्हणाली, "तवाबी वाढायलेच होते."

पंगत हसली. पंजाबरावांना ठसका लागला. सगळ्यांत मोठ्याने गोकुळ हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पुष्पांजलीने त्याच्या ताटात रोडगा कुस्करला, त्यावर तूप घातलं, जरा जास्तच.

"आज तं बसून जेवा," ती म्हणाली. बाकी सगळ्यांना तिने आग्रह केला, त्याला नुसतं वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेवटचा टप्पा. घाट उतरायचा होता म्हणून सगळा संघ भल्या सकाळी ताजातवाना होऊन सायकलवर बसला. उताराला कोणाचाही गुडघा दुखत नाही. रमाकांत साहेब स्वतः म्हणाले, "गोकुळ, चल की तूही. कोणाची तरी सायकल घे."

"नाही राजा," गोकुळ म्हणाला. 'साहेब' म्हणाला नाही, 'राजा' म्हणाला. "उतारावर काय, कोणीबी चालवते. तुमी व्हा पुढं. मी टेम्पो आणतो मागून."

शेगावला मला दर्शन चांगलं झालं. गर्दी होती, पण रांग सरकत होती. महाराजांपुढे उभं राहून मला काय मागावं ते आठवेना, म्हणून नुसता नमस्कार केला. बाहेर संघाचा फोटो निघाला. काढायला मोबाईल गोकुळच्याच हातात दिला होता, प्रतिमाने तो माझ्या हातात दिला आणि त्याला ओढून आणलं. मला फोटो काढता येत नाहीत. त्यात पंजाबरावांचं अर्धं पोट आलं नाही, पण गोकुळ सगळा आला आहे, टोपीसकट. गटात मात्र साहेबांनी दुसराच फोटो टाकला, आणि खाली लिहिलं, 'सात दिवस, संपूर्ण जिल्हा, फक्त सायकलवर. वाहन सहकार्य: श्री. गोकुळ, उंद्री.'

सीट, चेन, पॅडल, चाक, सगळं ज्याच्या त्याच्या सायकलवरून पुण्या-मलकापूरला गेलं. परत द्यायचं असतं हे कोणाला सुचलं नाही, आणि मागायचं असतं हे गोकुळला सुचलं नाही. निळा सांगाडा गोठ्यात टांगलेला आहे. पुष्पांजली त्यावर मिरच्यांची पोती अडकवते.

नारळ मात्र टेम्पोतच राहिले. साहेबांनी शाली घड्या करून नेल्या, नारळ जड म्हणून टाकून गेले. सबंध जिल्ह्याचा सत्कार उंद्रीत उतरला. मी परवा गेले होते तर अजून चालू होता. आमटीत खोबरं, चटणीत खोबरं, पोह्यांवर खोबरं. फेरीतलं सगळं, साडूच्या शालीसकट, मी पुष्पांजलीला सांगून टाकलं होतं. गोकुळ वावरातून आला, हात-पाय धुऊन ओसरीवर बसला. पुष्पांजलीने एक नारळ दगडावर फोडला, त्याचं पाणी वाटीत धरलं, करवंटीतून खोबऱ्याचा मोठा तुकडा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या, पाहुने," ती म्हणाली. "हा देऊळगावराजाचा."